मोडशी, कुडा आणि गोव्याचे पंडित

आमच्या लहानपणी पावसाळ्याच्या तोंडी कोणाला जुलाब-वांत्या सुरू झाल्या की घरातली वडील मंडळी 'मोडशी झाली' असे म्हणत. साध्या अपचनापासून पटकीपर्यंत सगळ्याला तोच शब्द. आज आमच्या नातवंडांना तो समजावून सांगावा लागतो. परंतु युरोपातील जुन्या वैद्यकग्रंथांत तो अजून सापडतो. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने गोव्यातील १५४३ सालच्या साथीचे वर्णन करताना हाच शब्द वापरला आहे. पुढे पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशीं' झाले आणि फ्रेंचांनी ते ऐकून आपल्या भाषेत 'मोर द शियँ' असे लिहिले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो 'कुत्र्याचे मरण'! अठराव्या शतकात हिंदुस्थानात आलेले कित्येक युरोपीय डॉक्टर पटकीला हे नाव देत. आपण गोव्याच्या बोलीतला एक शब्द उच्चारीत आहोत, याची त्यांतील बहुतेकांना कल्पना नसावी.

शब्दाचे जे झाले, तेच पुष्कळ अंशी येथल्या वैद्यांच्या ज्ञानाचेही झाले. ते गेले दूरवर, परंतु कोणाकडून गेले हे वाटेत पुसले गेले. ही हकीकत जशी झाडापाल्याची तशीच ग्रंथांचीही आहे. म्हणून वाचनालयाच्या शताब्दी-ग्रंथात तिला जागा मागण्याचे धाडस करीत आहे.

१५३४ साली मार्तीं आफोंसो द सोझा याच्या आरमाराबरोबर गार्सिया द ओर्ता नावाचा एक वैद्य गोव्यास उतरला. स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले होते आणि लिस्बनच्या विद्यापीठात त्याने अध्यापनही केले होते. स्पेनमधून पोर्तुगालात आलेल्या व सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मनुष्य. मायदेशात अशा 'नवख्रिस्त्यां'भोवती संशयाचे जाळे आवळत चालले होते. तेव्हा तो इतक्या दूर का आला, याचा तर्क करणे कठीण नाही. पुढची चौतीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो इकडेच राहिला. व्हाइसरॉयांना त्याने औषध दिले, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी चिकित्सा केली. निजामशहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवावीत आणि त्याने निजामशहाला लॅटिन नावे सांगावीत, असा त्या दोघांचा परिपाठ होता. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते आणि तेथील एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो मोठ्या कौतुकाने सांगतो.

गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. त्यानंतर सात वर्षांनी, १० एप्रिल १५६३ रोजी, ओर्ताचा 'कोलोकियुश' हा हिंदुस्थानातील औषधींविषयीचा ग्रंथ गोव्यात छापून झाला. त्यात छपाईच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्राचीच पाने पुष्कळ झाली. आपल्याकडील स्मरणिकांच्या संपादकांना यातून थोडा दिलासा मिळावा! ग्रंथारंभी लुईश द कामोंइश या पोर्तुगीज महाकवीची एक कविता आहे. त्याची छापली गेलेली ही पहिली कविता समजली जाते. ग्रंथ संवादरूप असून त्यात एकूण एकोणसाठ संवाद आहेत. एका बाजूस ओर्ता स्वतः आणि दुसऱ्या बाजूस रुआनो नावाचा, नुकताच युरोपातून आलेला, कल्पित वैद्य. रुआनो ग्रीक आणि अरब आचार्यांची वचने पुढे करतो आणि ओर्ता त्याला सांगतो की, ती वनस्पती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, ती तशी नाही.

परंतु मला या ग्रंथात अधिक मोलाची वाटतात ती मधूनच डोकावणारी माणसे. अंतोनिया नावाची एक दासी आहे. मालकाने हाक मारली की ती झाडाची फांदी, फळ किंवा मुळी आणून पुढे ठेवते. निशोत्तराच्या प्रकरणात मालूपा नावाचा एक हिंदू वैद्य येतो आणि स्वतः बोलतो. सोळाव्या शतकात गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज ग्रंथात हिंदू वैद्य पात्र म्हणून उभा राहतो, आपल्या धंद्यातली गोष्ट सांगतो आणि विद्यापीठात शिकलेले दोघे ती ऐकून घेतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. ओर्ता काही आपल्या वैद्यांचा भक्त नव्हता. त्यांना शरीररचना ठाऊक नाही, असा ठपका तो ठेवतो. परंतु आपण आधी आपली औषधे देऊन पाहतो आणि गुण आला नाही तर या भूमीतील ब्राह्मणांची घेतो, हेही तो मोकळेपणाने कबूल करतो.

मोडशीचे प्रकरण या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. संवाद चालू असतानाच एका रोग्याचे बोलावणे येते आणि चर्चा अर्धी टाकून वैद्य तिकडे जातो. नाडी मंदावणे, अंग थंड पडणे, पायांना पेटके येणे, डोळे खोल जाणे ही पटकीची लक्षणे त्याने इतकी नेमकी टिपली आहेत की, या रोगाच्या युरोपीय लेखकांनी केलेल्या पहिल्या वर्णनांत त्याची गणना होते. मग येथले लोक काय करतात, असे रुआनो विचारतो. उत्तर असे आहे: ते मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, पायांना डाग देतात, पेटक्यांसाठी हातपाय घट्ट बांधतात, विडा खायला देतात आणि रोग्यात जोर किती उरला आहे हे पाहण्यासाठी डोळ्यांत पिंपळी घालतात.

यातील डाग देणे आणि डोळ्यांत पिंपळी घालणे यांचे समर्थन कोणी करू नये. जुने ते सगळे सोने मानणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. पण पेजेचे तसे नाही. पटकीत माणूस मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. त्यापुढच्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरून तेच द्रावण तयार केले आणि पटकीच्या रोग्यांना त्याचा अधिक उपयोग होतो, असे त्यांना दिसून आले. पेज पाजणाऱ्या गोव्याच्या वैद्याला क्षारांचे शास्त्र ठाऊक नव्हते. त्याला हे शोध लागले होते असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. रेचके देण्याचा आणि रक्त काढण्याचा त्या काळच्या युरोपीय वैद्यांचा हव्यास पाहता मात्र पेज पाजणारा रोग्याला कमी अपाय करीत होता, इतके निःशंकपणे म्हणता येते.

आता कुड्याविषयी. रक्ती आव पडू लागली की कोकण-गोव्यात पहिली आठवण कुड्याची. चरक-सुश्रुतांनी 'कुटज' म्हणून अतिसारावर सांगितलेले हेच झाड. त्याच्या शेंगांची भाजी होते, बियांना इंद्रजव म्हणतात आणि सालीचा रस ताकातून देतात. ओर्ताने हगवणीवरची एक वनस्पती म्हणून एक संपूर्ण प्रकरण तिला दिले आहे. पोर्तुगीज तिला 'मलबारी वनस्पती' म्हणत. परंतु येथल्या लोकांच्या भाषेतले म्हणून जे नाव तेथे नोंदले आहे, ते 'कोरू' असे आहे. पोर्तुगीज कानाने ऐकलेला हा आपला कुडाच, असे पुढील अभ्यासकांनी ठरविले. अठराव्या शतकात ही साल युरोपच्या औषधालयांत पोहोचली आणि काही काळ गाजली. मग तिची पत उतरली. याचे कारण असे की, पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळून विकली जाऊ लागली. दोन्ही झाडे दिसायला जवळची, फुले दोघांचीही पांढरी. काळ्या कुड्यात मात्र तो गुण नाही. रानात जाणारी आमच्याकडची म्हातारी बाई साल तोडून, चाटून, कडूपणावरून फरक सांगत असे. व्यापाऱ्याच्या गोणीत ती परीक्षा उरली नाही. एकोणिसाव्या शतकात या सालीतून 'कोनेसीन' नावाचे अल्कली द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि विसाव्या शतकात अमीबाजन्य आवेवर ते वापरले गेले. त्याने आव हटे. पण मज्जासंस्थेवर अनिष्ट परिणाम होत, म्हणून नवी औषधे आल्यावर ते मागे पडले.

बिब्ब्याचे नाव ओर्ताने 'बिबो' असेच दिले आहे. त्याचे कोवळे फळ मिठात घालून लोणचे करतात, त्याला 'अचार' म्हणतात आणि आपल्याकडे ऑलिव्ह विकतात तसे ते येथे बाजारात विकले जाते, असे तो सांगतो. पिकल्या बिब्ब्याच्या तेलाने अंगावर कसे फोड येतात, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या लोणच्याचे नवल वाटेल. भिरंडीची फळे पोर्तुगीजांच्या तोंडी 'ब्रिंदाँव' झाली. (भिरंडीच्या 'गार्सिनिया' या शास्त्रीय नावात गार्सिया द ओर्ताचा गौरव आहे, असे अनेकदा छापलेले आढळते. ते चूक आहे. ते नाव लोराँ गार्सें या अठराव्या शतकातील निसर्गशास्त्रज्ञावरून पडले.) धोत्र्याच्या बिया अन्नातून चारून, धनी भ्रमिष्टासारखा हसत बसला असताना घर लुटणाऱ्या नोकरांची हकीकतही येथे आहे. धोत्र्याच्या पानांचा धूर दम्याला उतार देतो आणि त्याचेच बी चिमूटभर अधिक गेले तर माणूस दगावतो. दोन्ही गोष्टी एकाच वर्गातील द्रव्यांमुळे घडतात. फरक फक्त मात्रेचा. लिनियसने या वनस्पतीला 'दातुरा' हे नाव दिले, त्यातही आपलाच शब्द आहे.

ग्रंथ छापला गेला त्याच्या तीन वर्षे आधी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. पणजीतील नगर उद्यानाला त्याचे नाव पोर्तुगीज राजवटीतच देण्यात आले, हे वाचकांना ठाऊक असेल.

वैद्यांवरही त्याच काळात बंधने आली. ख्रिस्त्यांनी अन्यधर्मीय वैद्यांकडून औषध घेऊ नये, असे १५६७ च्या धर्मसभेने ठरविले. हिंदू वैद्यांनी शहरातून घोड्यावर वा पालखीत बसून फिरू नये, असा हुकूम १५७४ मध्ये निघाला. १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने वैद्यांना परीक्षा सक्तीची केली आणि 'पंडितां'ची संख्या तीसपर्यंत मर्यादित केली. पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदू वैद्याला 'पंडित' हाच शब्द आहे. गंमत अशी की, १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन अगदी वेगळे चित्र दाखवितो. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील पाद्री या सर्वांचा आपल्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक भरवसा होता आणि ते वैद्य डोक्यावर छत्री धरवून प्रतिष्ठेने फिरत, असे तो लिहितो. दिवसा हुकूम काढावयाचा आणि रात्री पोटात कळ आली की पंडिताला बोलावणे धाडावयाचे, असा हा प्रकार.

एवढ्या या पंडितांची नावे काय होती? आपणांस जवळजवळ काहीच ठाऊक नाही. मालूपाचे नाव राहिले, तेही थोडक्यात वाचले. कारण ओर्ताचा ग्रंथ युरोपात पसरला तो मूळ स्वरूपात पसरला नाही. कारोलुस क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप करून १५६७ मध्ये अँटवर्पहून प्रसिद्ध केला आणि पुढे शतकभर विद्वानांनी वाचला तो बहुतांशी हाच. क्लुसियसने व्यवस्थित काम केले. त्याने पाल्हाळ कापला, विषय नीट लावले आणि संवादाचे रूप काढून टाकले. त्याबरोबर झाडाची फांदी घेऊन येणारी अंतोनिया गेली आणि बोलणारा मालूपाही गेला. वनस्पती तेवढ्या राहिल्या. त्याने हे दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. चांगला संपादक जे करतो तेच त्याने केले.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट आहे आणि तिचाही संबंध गोव्याशी पोहोचतो. धर्मच्छळामुळे गोवा सोडून गेलेली पुष्कळ सारस्वत कुटुंबे कोचीनला स्थायिक झाली. तेथे डचांचा अंमल असताना हेंड्रिक व्हान रेड या अधिकाऱ्याने मलबारातील वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'होर्तुस मलबारिकुस' हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून त्याचे बारा खंड निघाले आणि त्यांत ७४२ वनस्पतींचे वर्णन आहे. ग्रंथाचा आधार होता इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे ज्ञान. आणि त्याच्या जोडीला होते रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण. व्हान रेडने एक असाधारण गोष्ट केली. या चौघांकडून त्याने दाखले लिहवून घेतले आणि ते पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले. तिघा ब्राह्मणांचा दाखला १६७५ सालचा असून तो कोकणीत, नागरी लिपीत आहे. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ आपण या कामी खपलो, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. चित्रांवरही वनस्पतींची नावे इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरली आहेत.

छापील नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत या पानाची गणना होते. फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये आमच्या भूमीत छापले गेले, ते रोमन लिपीत. नागरीचे खिळे येथे कोणी पाडले नाहीत. गोव्याबाहेर गेलेल्या तीन माणसांची नागरी अक्षरे मात्र ॲमस्टरडॅमच्या कारागिरांनी ताम्रपटावर कोरली! त्या पानामुळेच आज सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी त्यांची नावे आपण घेऊ शकतो. वनस्पतीशास्त्रज्ञ डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्य वेचून या लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला आणि केरळ विद्यापीठाने तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा कोठे मलबारच्या वाचकाला आपल्याच वैद्याचा ग्रंथ वाचता आला.

ओर्ताच्या ग्रंथाकडे गोवेकरांपैकी शास्त्रीय नजरेने पाहिले ते डॉ. दानियल जेलासियु दालगाद यांनी. ओर्ताने वर्णिलेल्या वनस्पतींचे त्यांनी केलेले वर्गीकरण १८९४ मध्ये मुंबईस छापले गेले आणि गोवा व सावंतवाडीच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १८९८ मध्ये निघाला. दोन्ही पोर्तुगीजमध्ये. मराठी बोलणाऱ्या वैद्याला त्यांचा उपयोग नव्हता. मुंबईस डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये केलेली औषधींची सूची इंग्रजीत होती. मराठीत हे काम नेटाने झाले ते शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'वनौषधि गुणादर्शा'त आणि पुढे डॉ. वामन गणेश देसाई यांच्या १९२७ सालच्या 'औषधीसंग्रहा'त. आमच्या पिढीच्या वाचकांनी ही पुस्तके वाचनालयांच्या कपाटांत पाहिली आहेत. पाठाचे पुठ्ठे गेलेले, समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने स्थानिक नावे लिहिलेली. त्या समासातल्या नोंदी मला मूळ मजकुराइतक्याच महत्त्वाच्या वाटत आल्या आहेत. पुस्तके नव्याने बांधावयास देताना कडा कापू नयेत, अशी व्यवस्थापक मंडळाला विनंती आहे.

आता घरची गोष्ट सांगतो. आमचे पणजोबा वैद्यकी करीत. पैसे घेत नसत. भात, नारळ कोणी आणून दिले तर घेत. त्यांचे वखदांचे एक बाड होते. मोडी लिपीत, हातकागदावर, वरून लाल फडक्यात बांधलेले. दसऱ्याला त्याची पूजा होई, पण उघडून कोणी वाचीत नसे, कारण मोडी वाचणारे घरात कोणी उरले नव्हते. घराची दुरुस्ती निघाली तेव्हा ते माळ्यावरून खाली काढले. अर्धे वाळवीने खाल्ले होते. उरलेले सोवळ्यातले म्हणून रद्दीत न घालता नदीत सोडले. सोडणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मी शिक्षक होतो, वाचनालयाचा सभासद होतो आणि दर आठवड्याला पुस्तके बदलीत होतो. तरीही ते बाड येथे आणून द्यावे, असे मला सुचले नाही. गावोगावच्या वैद्य-घराण्यांत असेच घडले असणार. इन्क्विझिशनने जाळले त्याचा हिशेब इतिहासकार मांडतात. आम्ही नदीत सोडले त्याचा कोणी मांडलेला नाही.

त्या बाडातले दोन कागद फडक्याला चिकटून राहिले होते. एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांनी पुढे ते वाचून दिले. एकावर गुरांच्या खुरांवरचा उपाय आहे. दुसऱ्यावर आवेचा: कुड्याची साल 'पांढऱ्याची, काळ्याची नको' असे बजावून, दोन तोळे; सुंठ मासाभर; ताकातून, सकाळी, तीन दिवस. खाली आणखी एक ओळ आहे, की हा उपाय अमक्याच्या आईने सांगितला. 'अमक्या'च्या जागी वाळवीचे भोक पडले आहे.

हे दोन्ही कागद आणि स्नेह्यांनी केलेले त्यांचे नागरी लिप्यंतर या शताब्दी वर्षात वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे.